पहिलीच्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र : आम्हाला पंधरा मिनिटं रिकामा वर्ग द्या

प्रति,
राज्यातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, पहिली-दुसरीचे वर्गशिक्षक, बालवाडीच्या बाई आणि अंगणवाडीच्या ताई यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. ज्या मुलाचा आवाज घराबाहेर निघत नाही, त्याच्या आईला, वडिलांना किंवा आजीला शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर त्याच्याच वर्गात पंधरा मिनिटं त्याच्यासोबत बसू द्या. आठवड्यातून तीन-चार दिवस, एखाद-दोन महिने. सुरुवातीला वर्गात दुसरं कुणीही नको. मग त्याच पंधरा मिनिटांत वर्गशिक्षकांनी, मी पुढे सांगते त्या पद्धतीने, हळूहळू आत यावं. याला निधी लागत नाही, नवं पद लागत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लागते, आणि ती मिळवतानाच आमच्यासारख्या पालकांची दमछाक होते.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. माझी मुलगी पहिलीत आहे. घरात तिची टकळी दिवसभर चालू असते. सकाळी आजोबांना ‘गोळी घेतली का?’ म्हणून दटावते, दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी हुबेहूब काढते, धाकट्या भावाला समोर बसवून शाळा-शाळा खेळते आणि त्याने फळ्याकडे पाहिलं नाही तर त्याच्यावर ओरडते. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, की तिचं चालू वाक्य जागच्या जागी तुटतं. शाळेच्या फाटकाशी तर चेहराच बदलतो. ओठ मिटलेले, मान ताठ, फ्रॉकची कड मुठीत धरलेली. त्या वेळी तुम्ही तिला तिचं नाव विचारलंत, तर ती नुसती तुमच्याकडे बघत राहील. प्रश्न तिला कळलेला असतो. उत्तरही येत असतं.

‘आई, मी बोलायला जाते, पण घसा बंद होतो,’ असं तिने मला एकदा रात्री झोपताना सांगितलं. याहून नेमकं वर्णन मला अजून कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

वैद्यकीय भाषेत याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मूल काही ठिकाणी, बहुधा घरी, नीट बोलतं, आणि काही ठिकाणी, बहुधा शाळेत, त्याला बोलताच येत नाही. सुरुवात बहुतेकदा वयाच्या पाच वर्षांच्या आतच झालेली असते, पण लक्षात येतं ते शाळेत घातल्यावर, कारण परक्या माणसांसमोर रोज बोलावं लागण्याची वेळ तोवर आलेली नसते. 1877 मध्ये आडोल्फ कुसमाऊल या जर्मन डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं, तेव्हा ही माणसं आपल्या मर्जीने गप्प राहतात असं धरलं गेलं. तो समज पुढे शंभर वर्षांहून जास्त टिकला. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत याची गणना चिंताविकारांमध्ये केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही ते चिंता आणि भीतीच्या विकारांतच आहे. ही भीती बोलताना ऐकलं जाण्याची, आपल्या आवाजाकडे कुणाचं तरी लक्ष जाण्याची आहे.

अशी मुलं किती असतील, असं तुमच्या मनात येईल. लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या सरकारी शाळांमध्ये बालवर्ग ते दुसरीपर्यंतच्या मुलांची पाहणी झाली होती. 2002 साली ती प्रसिद्ध झाली, आणि तीत प्रमाण 0.71 टक्के निघालं. म्हणजे साधारण 140 मुलांत एक. आपल्याकडेही साधारण तेच प्रमाण धरलं, तर आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या प्रत्येक केंद्रात असं एखाद-दुसरं मूल असेल. तुमच्यातल्या अनेकांनी ते पाहिलेलंही असेल. खिडकीजवळ बसायचं, त्रास कधीच द्यायचं नाही, वही नीटनेटकी ठेवायचं, म्हणून ते लक्षात राहिलं नसेल. मुली यात मुलग्यांपेक्षा थोड्या जास्त आढळतात, आणि गप्प मुलगी आपल्याकडे गुणी समजली जाते. म्हणून मुलींच्या बाबतीत वर्षंच्या वर्षं कुणी काही विचारत नाही.

नातेवाईक मात्र विचारतात. लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाला, जत्रेत. ‘काय गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीयेस का?’ घुमी आहे, शिष्ट आहे, मुखदुर्बळ आहे, आईने डोक्यावर बसवून ठेवलीय. आमच्याकडे सासूबाईंनी जिभेला वेखंड लावून झालं, कुणीतरी पोपटाने चोच मारलेला पेरू आणून दिला, कुलदैवताला नवस बोलून झाला. त्यामागची माया मला कळते आणि त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही. पण तिची जीभ जड नाही. तिचे कान तपासून झाले, ते चांगले आहेत. बोलणं दीड वर्षाची असतानाच सुरू झालं होतं. (ज्यांच्या मुलांचे कान तपासलेले नाहीत त्यांनी ते आधी तपासून घ्यावेत. कधी कधी ऐकण्याचा किंवा उच्चारांचा दोषही सोबत असतो, आणि तो राहून गेला तर बाकी सगळं लांबतं.)

आता वर्गात काय होतं ते सांगते, कारण माझं बोलणं मुख्यतः त्याबद्दल आहे.

बाई प्रश्न विचारतात. मुलाची छाती धडधडते, घसा आवळतो. बाई पुन्हा विचारतात. सगळा वर्ग वळून बघतो. मग शेजारची मैत्रीण म्हणते, ‘बाई, ती बोलत नाही.’ बाई म्हणतात, ‘बरं, बस खाली.’ त्या क्षणी छातीतली धडधड थांबते. मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की गप्प राहिलं की सुटका होते. हे रोज घडलं की गप्प राहणं पक्कं होत जातं. म्हणून नुसती वाट बघूनही उपयोग होत नाही आणि जबरदस्तीचाही होत नाही. जबरदस्तीने भीती वाढते, आणि आपण मुलाच्या वतीने उत्तर दिलं की सुटका वाढते. ‘मोठी झाली की बोलेल’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलं. काही मुलांच्या बाबतीत तसं होतही असेल. पण आठवी-नववीपर्यंत शाळेत तोंड न उघडलेल्या मुलांना हे सांत्वन काही कामाचं नाही, कारण तोवर सगळ्या वर्गाने, सगळ्या गावाने ‘ही बोलत नाही’ हे तिचं आडनाव असल्यासारखं धरलेलं असतं.

मुलीच्या आधीच्या शाळेत, बालवाडीत, ‘हजर’ म्हटल्याशिवाय हजेरी लागणार नाही असं ठरलं होतं. हेतू वाईट नव्हता, मूल बोलतं व्हावं हाच होता. पण हजेरीची वेळ जवळ आली की तिच्या पोटात कळ यायची, आणि सोमवारी सकाळी ती दप्तराला हात लावू द्यायची नाही. हात वर करूनही हजेरी लागते. कुणाचंही काही अडत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट पाण्याच्या बाटलीची. सकाळी भरून दिलेली बाटली रोज संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची. मला वाटायचं, शाळेतलं पाणी पीत असेल. मग कळलं, की ‘बाई, शूला जाऊ का?’ हे विचारता येत नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. घरी आली की चपला न काढता मोरीकडे पळायची. उन्हाळ्यात पाणी न पिता बसणारं पाच वर्षांचं मूल, आणि ते ‘किती शांत मुलगी आहे’ म्हणून कौतुकाला पात्र! मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की पहिलीच्या प्रत्येक वर्गाच्या दाराशी खिळ्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगा. ज्याला जायचं त्याने ते गळ्यात अडकवून जावं, आल्यावर परत टांगावं. नियम सगळ्या वर्गाला एकच ठेवा, म्हणजे कुणी वेगळं पडणार नाही.

आणखी एक प्रसंग सांगते. बालवाडीच्याच वर्षी एकदा खेळाच्या तासाला चेंडू अंगावर येताना पाहून तिच्या तोंडून ‘ए, इकडे!’ असं निघून गेलं. ताईंनी ते ऐकलं. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी खेळ थांबवून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, तिला उचलून घेतलं, कार्यालयात नेऊन सगळ्यांना सांगितलं. त्या ताईंचा आनंद खरा होता आणि मला त्यांच्याबद्दल आजही आपुलकी आहे. पण त्या दिवसानंतर त्या शाळेत तिचा आवाज पुन्हा कुणाला ऐकू आला नाही. ज्याची भीती वाटत होती तेच झालं होतं, तिच्या आवाजाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. म्हणून सांगते, तुमच्या वर्गातलं गप्प मूल बोललं, तर मन आवरा. जणू रोजच बोलतं तसं उत्तर द्या आणि पुढचं काम चालू ठेवा. अगदीच राहवलं नाही तर नंतर, एकट्यात, ‘तू मला रंग सांगितलास, मला मदत झाली,’ एवढंच म्हणा.

आता रिकाम्या वर्गाचं.

पूर्वी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे आणि पोर सरावलं की तो सोडायचे. आई या मुलांचा डबा आहे. ज्या माणसाशी आवाज निघतो त्या माणसाला, जिथे आवाज निघत नाही त्या जागी आणायचं, आणि आवाज तिथे रुळला की त्या माणसाने बाजूला व्हायचं. ही पद्धत मी शोधलेली नाही. ब्रिटनमध्ये आणि इतरत्र वाचा-उपचारतज्ज्ञ ती कित्येक वर्षं वापरत आहेत.

आमच्याकडे ती अशी चालली. गौरी-गणपतीची सुट्टी संपल्यावर सध्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली. शाळा भरायच्या आधी मी आणि मुलगी तिच्या वर्गात जायचो, दार लावून घ्यायचो आणि सापशिडी मांडायचो. सापशिडीच का, तर घरं मोजावी लागतात. मोजायला विचार करावा लागत नाही, मनातलं काही उघड करावं लागत नाही. एक, दोन, तीन, चार. आठवड्याचे वार, चैत्र-वैशाख, पाढे, असं काहीही पाठ असलेलं चालतं. ‘काल काय केलंस?’ हा प्रश्न मात्र सुरुवातीला नको, त्याचं उत्तर फार अवघड असतं. पहिले काही दिवस ती वर्गात माझ्याशीही कुजबुजतच बोलायची, सारखी दाराकडे बघायची. मग एके दिवशी तिला साप लागला आणि ती घरच्या आवाजात ओरडली.

त्यानंतर बाई व्हरांड्यात यायला लागल्या. आत यायचं नाही, खिडकीतून बघायचं नाही, नुसतं व्हरांड्यातून जायचं. मुलीला हे आधी सांगितलेलं असायचं. या सगळ्यात तिच्यापासून लपवून काहीही करायचं नाही, हा नियम मी सगळ्यांत मोठा मानते. व्हरांड्यातली पावलं ऐकू येत असताना मोजणं चालू राहिलं, की पुढची पायरी. दार किलकिलं. मग दार उघडं आणि बाई दाराबाहेर पाठ करून वह्या तपासत बसलेल्या. मग दाराच्या आत. मग टेबलापाशी, पण नजर वहीत. प्रत्येक पायरीवर आवाज बारीक व्हायचा, कधी बंदच व्हायचा. मग एक पायरी मागे जायचं. एका दिवसात दोन पायऱ्या चढायचा मोह मला अनेकदा झाला. बाईंना झाला नाही, आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मग बाई आमच्याशेजारी, समोरासमोर न बसता बाजूला, येऊन बसल्या. मी ‘एक’, मुलगी ‘दोन’, मी ‘तीन’, मुलगी ‘चार’. काही वेळाने मी ‘एक’, मुलगी ‘दोन’, आणि बाई ‘तीन’. मुलगी ‘चार’ म्हणाली. बाईंनी मान वर केली नाही, फासा टाकला.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गाबाहेर बसू लागले होते. सुट्टीनंतर गाडी पुन्हा चार पायऱ्या मागे गेली, ते अपेक्षितच असतं, पण या वेळी ती लवकर पुढे आली. मग आम्ही तिची एक मैत्रीण त्या पंधरा मिनिटांत आणली. मग दुसरी. आज ती बाईंशी बोलते, त्या दोघींशी बोलते, गटात बसून कविता म्हणते. परिपाठाला समोर उभी राहून अजून बोलत नाही. मुख्याध्यापिकांनी हाक मारली तर अजून गोठते. अजून बरंच बाकी आहे, आणि वरच्या वर्गात बाई बदलल्या की पुन्हा थोडे दिवस रिकामा वर्ग लागेल. पण बाटली आता रिकामी घरी येते.

शिक्षक म्हणून तुम्ही विचाराल, की आमच्याकडे एका वर्गात चाळीस मुलं, कधी एका शिक्षकाकडे दोन वर्ग, त्यात निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहित्या. हे कधी करायचं? तुमच्यावरचा भार मला दिसतो. म्हणूनच पंधरा मिनिटं म्हणते, आणि त्यातही सुरुवातीचे बरेच दिवस तुम्ही फक्त व्हरांड्यात असायचं आहे. हे दवाखान्यात का होत नाही, याचं उत्तर सोपं आहे. दवाखान्यातल्या खोलीत मूल डॉक्टरांशी बोलायला लागलं, तरी ते शाळेत बोलेलच असं नाही. भीती शाळेच्या जागेला, तिथल्या माणसांना चिकटलेली असते, म्हणून ती तिथेच सोडवावी लागते. शिवाय मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ पुण्या-मुंबईत मिळतात, तालुक्याला कुठे मिळणार? गरज पडली तर त्यांच्याकडे जावंच लागतं, काही मुलांना औषधंही द्यावी लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठीची लवकर उपचार केंद्रं आहेत, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पालकांनी जाताना मूल घरी बोलतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्यावा, कारण डॉक्टरांसमोर ते एक शब्द बोलणार नाही आणि त्यावरून भलतंच निदान होऊ शकतं.

प्रत्येक गप्प मूल म्हणजे सिलेक्टिव्ह म्युटिझम नव्हे, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. शाळेच्या पहिल्या महिन्यातलं गप्प राहणं यात धरतच नाहीत. बीडहून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं मूल आमच्याकडच्या वर्गात बावरून बसतं. मेळघाटातलं घरी कोरकू बोलणारं मूल मराठी पुस्तकासमोर गप्प होतं. मराठी घरातलं मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बोलेनासं होतं. भाषा कानावर पडून जिभेवर यायला वेळ लागतो, आणि त्या वेळेला आजार म्हणणं अन्यायाचं आहे. साधी खूण अशी, की मधल्या सुट्टीत ते आपल्या भाषेच्या मुलांशी मैदानावर बोलतं का ते बघा. बोलत असेल तर त्याला भाषा शिकायला वेळ द्या. स्वतःच्या भाषेतही, स्वतःच्या चुलत भावाशीही ते शाळेच्या आवारात बोलत नसेल, आणि जूनमध्ये शाळा सुरू होऊन नागपंचमी आली तरी तेच चालू असेल, तर पालकांना बोलावून घरची परिस्थिती विचारा. बहुधा पालक चकित होऊन म्हणतील, ‘आमच्या घरात तर हिच्या बोलण्यापुढे कुणाला बोलता येत नाही.’

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. 2010 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनावर, ठेवला गेला, आणि त्याची आठ साधनं दिली गेली. तोंडीकाम हे त्यातलं एक आहे. निरीक्षण, कृती, प्रकल्प, स्वाध्याय ही बाकीची साधनं तुमच्या हातात आहेतच. नोंदवहीत ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘वर्गात बोलत नाही’ असं लिहिण्याऐवजी चित्रं जोडून गोष्टीचा क्रम लावते, शब्दपट्टी उचलून वाक्य करते, असं लिहिता येतं. निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे. हे मूल तुमच्यासमोर एकही शब्द वाचणार नाही आणि घरी धडाधडा वाचेल. घरचं ध्वनिमुद्रण मुलाला विचारून ऐका. ते चालत नसेल तर मनात वाचून चित्रावर बोट ठेवायला सांगा. त्याच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं जाऊ नये, कारण ते खरं नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 29 अभ्यासक्रम कसा असावा ते सांगतं, आणि त्यात मुलाला भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त करणं आणि आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडायला मदत करणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं. सगळ्या वर्गासमोर उभं करून ‘बोलशील तेव्हाच बस’ म्हणणं त्यात येतं, असं माझं मत आहे. आणि प्रवेशाच्या वेळी मुलाखत घेऊन ‘मूल बोलत नाही’ म्हणून परत पाठवणाऱ्या शाळांनी कलम 13 वाचावं. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावल्यास पहिल्या वेळी 25,000 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

जे शिक्षकांची प्रशिक्षणं ठरवतात आणि मुलांच्या तपासण्या आखतात, त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, ऐकण्याचे दोष आहेत, स्वमग्नता आहे. घरी बोलणारं आणि शाळेत न बोलणारं मूल त्या यादीत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांतही ते बसत नाही, कारण तिथे वाचादोष म्हणजे शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेला कायमचा दोष. आमची मुलं कायमची अशी राहणारी नाहीत, म्हणून त्यांना दिव्यांगांत धरा अशी माझी मागणी नाही. पण तपासणीच्या कागदावर ‘मूल घरी बोलतं का? शाळेत बोलतं का?’ हे दोन प्रश्न छापायला काय हरकत आहे? आणि शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, या विषयाला वर्षातून एकदा अर्धा तास मिळावा. तेवढ्यात दार किलकिलं करण्यापासून मैत्रीण आणण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या सांगून होतात.

शाळेच्या फाटकावर हल्ली कडक नियम आहेत आणि ते असलेच पाहिजेत. मुलांच्या सुरक्षिततेपुढे माझी सोय मोठी नाही. म्हणूनच तोंडी परवानगीवर हे चालू नये, लेखी ठराव व्हावा. शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ठरावाला तिथे विरोध होईल असं मला वाटत नाही. विनाअनुदानित शाळांत मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पुरेल. मसुदा खाली देते. तो उतरवून घ्यायला कुणाचीही हरकत नाही.

‘ठराव : शाळेतील जे विद्यार्थी घरी बोलतात, परंतु शाळेत एक महिन्याहून अधिक काळ बोललेले नाहीत, अशा विद्यार्थ्याच्या पालकांपैकी एकास किंवा घरातील एका व्यक्तीस, ओळखपत्राची नोंद करून, वर्गशिक्षकांच्या देखरेखीखाली, शाळा भरण्यापूर्वी अथवा सुटल्यानंतर, आठवड्यातून चार दिवसांपर्यंत, दर वेळी पंधरा मिनिटे वर्गखोलीत विद्यार्थ्यासोबत बसण्याची परवानगी देण्यात येत आहे. अशा विद्यार्थ्याची हजेरी हात वर केल्यावर लावावी. शौचालयास जाण्यासाठी तोंडी परवानगीची अट ठेवू नये. तोंडीकामाऐवजी अन्य साधनांनी मूल्यमापन करावे. विद्यार्थ्यास बोलण्यासाठी वर्गासमोर उभे करू नये. दर दोन महिन्यांनी वर्गशिक्षक व पालक यांनी एकत्र बसून आढावा घ्यावा आणि नवीन वर्गशिक्षकांकडे त्याची लेखी नोंद सोपवावी.’

सूचक म्हणून मी माझ्या शाळेत सही करते आहे. अनुमोदक तुमच्यातल्या कुणी व्हावं.

आपली नम्र,
पहिलीतल्या एका मुलीची आई